टॉर्क नेमका येतो कुठून? डिझेल-पेट्रोल इंजिनांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न वाचक पुन्हा पुन्हा पाठवत असतात. शब्द बहुतेक त्यांचेच आहेत, फक्त थोडे आवरून घेतले आहेत. गाड्यांचे आकडे कंपन्यांनी जाहीर केलेले आहेत आणि गोल केले तिथे 'सुमारे' म्हटलं आहे. तेच उत्तर दोनदा नको म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. टॉर्क आणि एचपी यात फरक काय? दोन्ही ताकदच ना?

टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. नट जाम झाला की आपण पान्याला पाइप अडकवून दांडा लांब करतो. हात तोच, जोर तोच, पण नट सुटतो. जोर आणि दांड्याची लांबी यांचा गुणाकार म्हणजे टॉर्क. तो न्यूटन-मीटरमध्ये, म्हणजे एनएममध्ये मोजतात. इंजिनात जोर पिस्टनवरच्या दाबाचा असतो आणि दांडा क्रँकचा, म्हणजे पिस्टनची वर-खाली ये-जा गोल फिरण्यात बदलणाऱ्या भागाचा.

एचपीत, म्हणजे हॉर्सपॉवरमध्ये, वेळेचा हिशेब येतो. तोच टॉर्क मिनिटाला किती फेऱ्यांनी मिळतोय, यावर एचपी ठरते. पाठ करण्यासारखं सूत्र: टॉर्क गुणिले आरपीएम (मिनिटाच्या फेऱ्या) भागिले ७,००० म्हणजे सुमारे एचपी. १.५ लिटरची डिझेल नेक्सॉन २,००० आरपीएमला २६० एनएम देते, म्हणजे त्या क्षणी सुमारे ७४ एचपी. बलेनोचं १.२ पेट्रोल इंजिन ४,४०० ला ११३ एनएम देतं, म्हणजे सुमारे ७१ एचपी. दोघांची कामाची गती त्या क्षणी जवळपास सारखी आहे, फक्त बलेनोला त्यासाठी दुपटीहून जास्त फिरावं लागतं. या पानावरचे निम्मे प्रश्न या एका फरकातून निघतात.

२. जुन्या गाडीच्या पुस्तिकेत टॉर्क 'केजीएम'मध्ये आहे. एनएम कसे काढायचे?

९.८ ने गुणा.

३. इंजिनाचा टॉर्क ठरवतं कोण? सीसी, पिस्टन की इंधन?

हवा. दर चक्रात सिलिंडरमध्ये किती हवा भरली, त्या हवेतला किती ऑक्सिजन जळायला वापरला आणि त्या उष्णतेतली किती पिस्टनपर्यंत पोहोचली, या तीन गोष्टींवर टॉर्क उभा असतो. इंधन हवं तितकं ओतता येतं, पंप तेवढ्यासाठीच असतो. हवा मात्र इंजिनाला स्वतः ओढावी लागते किंवा टर्बोकडून, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरणाऱ्या पंख्याकडून, ढकलून घ्यावी लागते.

म्हणून तुलना करताना एकूण टॉर्क पाहू नका, तो लिटरमागे काढा. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन लिटरमागे साधारण ८० ते १०० एनएम देतं. बलेनोचं ११३ भागिले १.२, म्हणजे ९४. गेल्या तीस वर्षांतली सगळी कारागिरी लावूनही हा आकडा फारसा वर सरकलेला नाही, कारण वातावरणाचा दाब सगळ्यांना सारखाच मिळतो.

४. मग डिझेल गाडीत टॉर्क एवढा जास्त का असतो?

टर्बोमुळे. हे उत्तर वाचून अनेकजण रागावतात, म्हणून घरचंच उदाहरण घेऊ.

१९९८ च्या अखेरीस पुण्यातून आलेल्या पहिल्या डिझेल इंडिकाला १,४०५ सीसीचं, टर्बो नसलेलं इंजिन होतं. टॉर्क सुमारे ८५ एनएम, म्हणजे लिटरमागे फक्त ६०. त्याच मापाचं साधं पेट्रोल इंजिन त्यापेक्षा जास्त देतं. टर्बो नसलेलं डिझेल टॉर्कमध्ये पेट्रोलच्या मागे असतं आणि त्याचं कारण त्याच्या जळण्याच्या रीतीत आहे. पेट्रोल आणि हवा आधीच नीट मिसळलेली असतात, त्यामुळे जवळजवळ सगळा ऑक्सिजन वापरला जातो. डिझेलमध्ये इंधनाचा फवारा ऐन वेळी आत येतो आणि त्याला मिलिसेकंदांत हवा शोधायची असते. काही थेंबांना ती सापडत नाही आणि काळा धूर निघतो. तो टाळायला रसायनशास्त्राच्या गरजेपेक्षा साधारण २० ते ४० टक्के हवा जास्त ठेवावी लागते. ही जास्तीची हवा म्हणजे न वापरलेला टॉर्क.

त्याच इंडिका घराण्यात पुढे सीआर४ नावाचं १,३९६ सीसीचं इंजिन आलं: कॉमन रेल (उच्च दाबाने इंधन पुरवणारी सामाईक नळी), थेट सिलिंडरमध्ये फवारा आणि टर्बो. टॉर्क १४० एनएम. माप तेच, टॉर्क दीडपटीहून जास्त. आजची नेक्सॉन लिटरमागे १७४ एनएम देते.

मग टर्बो डिझेललाच इतका का मानवतो? डिझेलमध्ये दाबली जाते ती निव्वळ हवा. इंधनच आत नसल्यामुळे ते वेळेआधी पेटण्याची भीती नाही, म्हणून हवा कितीही कोंबता येते. मर्यादा येते ती सिलिंडर, पिस्टन आणि हेडच्या मजबुतीची. पेट्रोलला ही मोकळीक नाही, ते प्रश्न १२ मध्ये आलं आहे.

५. पण डिझेल इंधनातच ऊर्जा जास्त असते ना?

लिटरला, हो. किलोला जवळजवळ नाही. डिझेल जड आहे, म्हणून एका लिटरमध्ये वजनाने जास्त इंधन येतं आणि लिटरमागची ऊर्जा पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त भरते. याचा फायदा मायलेजच्या आकड्यात दिसतो. टॉर्कची मर्यादा हवा ठरवते (प्रश्न ३) आणि एक किलो हवेत दोन्ही इंधनं जवळपास सारखीच उष्णता देतात.

६. डिझेलचं कॉम्प्रेशन पेट्रोलच्या दुप्पट असतं. मग टॉर्कही दुप्पट का नाही?

कॉम्प्रेशन, म्हणजे हवा किती पट दाबली जाते ते, वाढवत गेलं की फायदा घटत जातो. पुस्तकी हिशेबात १० च्या गुणोत्तराला उष्णतेचं काम होण्याचं प्रमाण ६० टक्के येतं, २० ला ७० टक्के. प्रत्यक्षात दोन्ही आकडे बरेच खाली येतात आणि उच्च दाबाला घर्षणही वाढतं. डिझेलला एवढं कॉम्प्रेशन लागतं ते मुख्यतः पेटवण्यासाठी, कारण तिथे स्पार्क प्लग नाही. टर्बो डिझेलमध्ये तर ते मुद्दाम कमी करून १५-१७ वर आणतात.

७. स्ट्रोक लांब तर टॉर्क जास्त, हे तरी खरं ना? बुलेटकडे बघा की.

बुलेटकडे बघूच, शेजारी दुसरी गाडी ठेवून. रॉयल एनफिल्डचं सध्याचं ३४९ सीसीचं इंजिन: बोअर (सिलिंडरचा व्यास) ७२ मिमी, स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) ८५.८ मिमी, टॉर्क २७ एनएम, तोही ४,००० आरपीएमला. चाकणला बनलेली, २०१७ नंतरची ३७३ सीसीची केटीएम ३९० ड्यूक: बोअर ८९, स्ट्रोक ६० मिमी. टॉर्क ३७ एनएम, ७,००० ला. स्ट्रोक आखूड असलेलीच पुढे आहे.

कारण सरळ आहे. सीसी तेवढेच ठेवून स्ट्रोक वाढवला की क्रँकचा दांडा लांब होतो हे खरं, पण बोअर लहान होतं आणि पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ घटतं. दाब तोच असेल तर ढकलणारा जोर तितक्याच प्रमाणात कमी होतो. एकीकडे मिळालेलं दुसरीकडे जातं. लिटरमागचा टॉर्क स्ट्रोकवर नाही, सिलिंडरमधल्या सरासरी दाबावर ठरतो. ड्यूकचं कॉम्प्रेशन १२ च्या वर आहे, बुलेटचं ९.५. ड्यूकला चार व्हॉल्व्ह आहेत, बुलेटला दोन. म्हणून ड्यूकमध्ये दाब जास्त तयार होतो.

मग स्ट्रोकने काय होतं? इंजिन किती फिरू शकेल हे ठरतं. पिस्टनला एका फेरीत स्ट्रोकच्या दुप्पट अंतर कापावं लागतं. बुलेट ६,१०० ला कमाल एचपी देते तेव्हा तिच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १७.४ मीटर असतो. ड्यूक ९,००० ला देते तेव्हा बरोबर १८. दोन्ही पिस्टन जवळपास एकाच वेगाला दमतात. लांब स्ट्रोकचं इंजिन फिरण्यात मागे पडतं, म्हणून बनवणारा त्याची व्हॉल्व्ह-कॅमची (हवेची दारं आणि ती उघडणारा भाग यांची) मांडणी खालच्या आरपीएमला साजेशी करतो. लांब स्ट्रोक आणि खालचा टॉर्क एकत्र दिसतात ते या निर्णयामुळे. त्यातला एक दुसऱ्याचं कारण नाही.

८. तरी बुलेट टॉप गिअरमध्ये ४० वरूनही सहज उचलते, तसं ड्यूक करत नाही. मग हे काय?

तीन गोष्टी. एक, वर म्हटलेली मांडणी: बुलेटचा कमाल टॉर्क ४,००० लाच मिळतो, रोजच्या वापराच्या टप्प्यात. दोन, जड फ्लायव्हील, म्हणजे क्रँकला जोडलेलं वजनदार चाक. एका सिलिंडरच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदाच ढकल मिळते, मधला सगळा वेळ क्रँक साठवलेल्या वेगावर फिरतो. फ्लायव्हील जड असलं तर हे झटके मुरतात आणि इंजिन बंद न पडता, न थरथरता कमी आरपीएमला चालतं. फ्लायव्हील टॉर्क तयार करत नाही, फक्त साठवतं. सपाट रस्त्यावर ते छान वाटतं, पण लांब चढावर साठा संपला की खरा आकडा कळतो. तिसरी गोष्ट गिअरिंगची: बुलेटचे गिअर कमी आरपीएमसाठीच आखलेले असतात.

९. दोन व्हॉल्व्ह, चार व्हॉल्व्ह, व्हीव्हीटी: यांचा टॉर्कशी संबंध काय?

हवा कधी भरेल याच्याशी संबंध. पिस्टन तळाला पोहोचल्यावरही आत येणाऱ्या हवेला वेग असतो, ती येतच राहते. आरपीएम जास्त असतील तर इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद केला की आणखी हवा मिळते. कमी आरपीएमला तोच उशीर उलटा पडतो आणि वर येणारा पिस्टन आलेली हवा परत ढकलून देतो. साध्या कॅमला एकच वेळ निवडावी लागते, म्हणून जुनी इंजिनं एकतर खाली खेचायची किंवा वर पळायची. व्हीव्हीटी ही वेळ चालत्या इंजिनात बदलते.

इनटेकच्या नळ्यांचंही असंच आहे. लांब आणि अरुंद नळी खाली चांगली, आखूड आणि रुंद वर चांगली. 'चार व्हॉल्व्ह म्हणजे खालचा पिकअप गेला' ही ऐंशी-नव्वदच्या दशकातली तक्रार आहे. तेव्हा तिच्यात तथ्य होतं. व्हीव्हीटी आणि नीट आखलेल्या पोर्टनंतर फारसं उरलेलं नाही.

१०. डिझेल इंजिन ४,५००-५,००० च्या वर का जात नाही?

डिझेलचं जळणं फवारा आणि हवा मिसळण्याच्या वेगावर अडतं, आणि तो वेग आरपीएमच्या मानाने पुरेसा वाढत नाही. शिवाय टर्बो डिझेलच्या सिलिंडरमध्ये १५० बारच्या वर दाब जातो, त्यामुळे पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक सगळं जाडजूड. जड वस्तू झपाझप वर-खाली हलवायला बेअरिंगवर ताण येतो. म्हणूनच डिझेलचा टॉर्क मोठा असूनही एचपी त्या मानाने वाढत नाही. नेक्सॉन डिझेल २६० एनएमवर ११५ एचपीला थांबते, तर तिचंच १.२ टर्बो पेट्रोल १७० एनएमवर १२० एचपी देतं.

११. टर्बो लॅग म्हणजे काय आणि व्हीजीटीने तो जातो का?

टर्बोला फिरवते ती एक्झॉस्टची हवा. आरपीएम कमी असताना ती पुरेशी नसते आणि तोवर टर्बो डिझेल म्हणजे टर्बो नसलेलं डिझेल, म्हणजे प्रश्न ४ मधली इंडिका. फियाटचं १.३ मल्टिजेट इंजिन रांजणगावातही बनायचं आणि अर्ध्या भारताच्या बोनेटखाली होतं. स्विफ्टमध्ये ते १९० एनएम द्यायचं, पण २,००० आरपीएमच्या आसपास. त्याच्या खाली गाडी विचार करत बसायची आणि मग एकदम झेप घ्यायची. सिग्नलवर ही झेप सगळ्यांना आवडायची, घाटातल्या वळणावर कोणालाच नाही.

व्हीजीटीमध्ये टर्बाइनभोवतीच्या पात्यांचा कोन बदलतो. हवा कमी असेल तेव्हा वाट अरुंद करून तिचा वेग वाढवतात. त्याच १.३ इंजिनाचा व्हीजीटी अवतार अर्टिगात २०० एनएम द्यायचा. कमाल आकड्यात फरक फक्त १० चा, पण एचपी ७५ ची ९० झाली. लॅग कमी होतो, संपत नाही.

१२. टर्बो पेट्रोल आता डिझेलच्या बरोबरीला आलंय का?

लिटरमागे पाहिलं तर जवळपास. महिंद्रा एक्सयूव्ही७०० मध्ये २.० लिटर टर्बो पेट्रोल ३८० एनएम देतं, लिटरमागे १९०. त्याच गाडीतलं २.२ डिझेल ऑटोमॅटिकमध्ये ४५० देतं, लिटरमागे २०६. वीस वर्षांपूर्वी असं कोणी म्हटलं असतं तर हसले असते.

पेट्रोलची अडचण नॉकिंगची होती. हवा-पेट्रोलचं मिश्रण जास्त दाबलं की ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यात स्वतःहून पेटतं आणि टकटक ऐकू येते. म्हणून जुन्या टर्बो पेट्रोलमध्ये कॉम्प्रेशन इतकं उतरवायचे की टर्बो जागा होईपर्यंत गाडी मेलेली असायची. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारण्याने चित्र बदललं. पेट्रोलची वाफ होताना आतली हवा थंड होते आणि दाबाला थोडी मोकळीक मिळते. इंटरकूलर, नॉक सेन्सर आणि छोटे, हलके टर्बो यांनी बाकीचं केलं.

फरक उरतो तो इंधनाच्या हिशेबात. पूर्ण भाराखाली टर्बो पेट्रोल इंजिन थंड राहण्यासाठी आणि नॉकिंग टाळण्यासाठी गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ओततं किंवा स्पार्क उशिरा देतं. मोठा टॉर्क सतत वापरणाऱ्याने, म्हणजे गाडी भरून रोज घाट चढणाऱ्याने, डिझेल घ्यावं असं माझं मत आजही आहे. शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला डिझेलच्या टॉर्कचा उपयोग फक्त गप्पांत होतो.

१३. ब्रोशरमध्ये 'कमाल टॉर्क १,७५० ते ४,०००' असं लिहितात. एकच आकडा एवढा वेळ कसा टिकतो?

मुद्दाम कापलेला असतो. मोकळं सोडलं तर टर्बो इंजिनाचा टॉर्क डोंगरासारखा वर जाऊन खाली येईल. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, टर्बोचा दाब रोखून त्या डोंगराचा माथा छाटतो. कारण अनेकदा इंजिनाचं नसतं, गिअरबॉक्स आणि क्लचचं असतं. एक्सयूव्ही७०० चं तेच डिझेल इंजिन मॅन्युअलमध्ये ४२० एनएम देतं आणि ऑटोमॅटिकमध्ये ४५०. आतलं लोखंड एकच, परवानगी वेगळी.

१४. घाटात टॉर्क महत्त्वाचा की एचपी?

एकदा आकडे मांडून बघू. माणसं-सामान धरून १,५०० किलोची गाडी, १० टक्के चढ, वेग ताशी ५०. चढाचा विरोध सुमारे १,४७० न्यूटन, टायरचा वगैरे २००. या वेगाने एवढा विरोध मोडायला ३१-३२ एचपी लागते. गिअरबॉक्समधली घट धरून इंजिनाकडून ३५ म्हणू.

आता प्रश्न १ मधलं सूत्र उलटं करा. ३५ एचपी २,००० आरपीएमला हवी तर टॉर्क लागेल १२२ एनएम. नेक्सॉन डिझेलकडे तिथे २६० आहेत, म्हणजे ती निम्म्याहून कमी जोरात, वरच्या गिअरमध्ये गुणगुणत चढेल. बलेनोचा कमालच ११३, तोही ४,४०० ला. त्या गिअरमध्ये ती चढणारच नाही. एक-दोन गिअर खाली या, ३,५०० वर न्या, आता लागतात फक्त ७० एनएम. चढली.

दोन्ही गाड्या त्याच वेगाने वर पोहोचतात. चढाचा वेग एचपी ठरवते, आणि ती एचपी किती आरपीएमला मिळेल हे टॉर्क ठरवतो. 'पेट्रोल गाडी घाटात दमते' म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना गिअर खाली टाकायचा कंटाळा असतो. तो कंटाळाही समजण्यासारखा आहे. खंबाटकीत ट्रकच्या मागे दर वळणाला गिअर बदलून पाहा.

१५. महाबळेश्वरला गेलं की माझी पेट्रोल गाडी मंद होते. ट्यूनिंग बिघडलंय का?

नाही. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे, तिथे हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण १२ टक्के विरळ असते. टर्बो नसलेल्या इंजिनाचा टॉर्कही तितकाच घटतो. टर्बो गाडीला हे जाणवत नाही, तिचा टर्बो थोडा जास्त फिरून भरपाई करतो. जुनी, टर्बो नसलेली डिझेल गाडी वर गेल्यावर काळा धूर जास्त का सोडते, त्याचंही कारण हेच: पंप इंधन तेवढंच देतो, हवा कमी.

१६. ५० एचपीचा ट्रॅक्टर उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या ओढतो. माझी ११५ एचपीची कार का नाही ओढू शकत? ट्रॅक्टरचा टॉर्क किती असतो?

ऐकून आश्चर्य वाटेल. २,१०० आरपीएमला ५० एचपी म्हणजे सुमारे १७० एनएम. नेक्सॉन डिझेलपेक्षा ९० ने कमी.

काम करतात ते गिअर. ताशी ५ किलोमीटरने नांगरताना इंजिन आणि मागचं चाक यांच्यात शंभर-एकशे दहा पट घट असते, त्यामुळे १७० चे मागच्या अ‍ॅक्सलवर १८,००० एनएमच्या आसपास होतात. कारच्या पहिल्या गिअरात ही घट साधारण पंधरा पट, म्हणजे २६० चे ३,९००. पण टॉर्क नुसता असून भागत नाही, तो जमिनीला लागला पाहिजे. मोठी चाकं, खोल नक्षी आणि मागच्या अ‍ॅक्सलवरचं वजन नसेल तर चाक जागेवर फिरतं. टायरमध्ये पाणी भरतात ते उगाच नाही.

ट्रॅक्टर घेताना बघायचा आकडा वेगळाच आहे: टॉर्क बॅकअप. नांगराला कडक जमीन लागली की आरपीएम उतरतात. उतरताना टॉर्क वाढला तर इंजिन सावरतं, नाहीतर गचके खाऊन बंद पडतं. समजा ठरलेल्या आरपीएमला १७० एनएम आहेत आणि १,३०० ला उतरल्यावर २०० मिळतात, तर बॅकअप १८ टक्के झाला. ५० एचपीच्या दोन ट्रॅक्टरांत शेतात जाणवणारा फरक बहुतेकदा इथला असतो.

१७. सीएनजीवर पिकअप कमी का होतो?

गॅस स्वतः जागा खातो. हवा-मिथेनच्या मिश्रणात सुमारे साडेनऊ टक्के जागा गॅसची असते, तेवढी हवा कमी येते. वॅगनआरचं १.० इंजिन पेट्रोलवर ८९ एनएम देतं, सीएनजी मॉडेलचा आकडा ८२.

अपवाद टर्बोचा. नेक्सॉनच्या सीएनजी अवतारात टॉर्क पेट्रोलइतकाच, १७० एनएम आहे, कारण गेलेली जागा टर्बो भरून काढतो. एचपी मात्र १२० ची १०० झाली आहे.

१८. ई२० पेट्रोलने टॉर्क घटतो का?

जवळजवळ नाही. ई२० मध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी असते, पण त्याला जळायला हवाही कमी लागते. एक किलो हवेमागची उष्णता दोघांचीही सारखीच. घटतं ते मायलेज. इथेनॉलला नॉकिंग कमी होतं, त्यामुळे त्यासाठीच आखलेल्या इंजिनात कॉम्प्रेशन वाढवून थोडा टॉर्क कमावताही येतो. रबरी नळ्या आणि सील हा जुन्या गाड्यांचा वेगळा विषय आहे.

१९. टू-स्ट्रोकमध्ये दर फेरीला ढकल मिळते. मग आरएक्स १०० चा टॉर्क दुप्पट का नव्हता?

९८ सीसीत सुमारे १०.४ एनएम. जवळपास तेवढ्याच सीसीची स्प्लेंडर ८.०५ देते. दुप्पट नाही, कारण टू-स्ट्रोकमध्ये पोर्ट उघडे असतात तेव्हा स्ट्रोकचा बराच भाग वाया जातो, ताजं मिश्रण थोडं तसंच बाहेर निसटतं आणि जळलेला वायू थोडा आतच राहतो. गाडी हलकी होती, हे लोक विसरतात.

२०. तीन सिलिंडरच्या इंजिनात टॉर्क कमी असतो का?

सीसी सारखे असतील तर नाही. उलट घर्षण थोडं कमी. ढकलींमधलं अंतर वाढल्यामुळे कमी आरपीएमला थरथर मात्र जास्त जाणवते.

२१. इनोव्हा हायक्रॉसच्या हायब्रिडमध्ये इंजिनाचा टॉर्क साध्या मॉडेलपेक्षा कमी आहे. महाग गाडीत कमी कसा?

मुद्दाम. दोन्हींत २.० लिटरचंच इंजिन आहे, साधं २०९ एनएम देतं आणि हायब्रिडमधलं १८८. हायब्रिडमध्ये इनटेक व्हॉल्व्ह इतका उशिरा बंद करतात की आलेली थोडी हवा परत जाते (प्रश्न ९ मधला तोटा, इथे हौसेने पत्करलेला). हवा कमी, म्हणून टॉर्क कमी. पण जळलेल्या वायूला पसरायला दाबल्या गेलेल्या जागेपेक्षा जास्त जागा मिळते आणि इंधन वाचतं. खालच्या टॉर्कची उणीव २०६ एनएमची मोटर भरून काढते, तीही शून्य आरपीएमपासून.

१८८ आणि २०६ यांची बेरीज करून ३९४ सांगणारे विक्रेते भेटतात. ती चूक आहे. इंजिन आणि मोटर चाकाला वेगवेगळ्या गिअरिंगने जोडलेले असतात, त्यांचे आकडे असे मिळवता येत नाहीत.

२२. टॉर्क भरपूर आहे म्हणून चौथ्या गिअरमध्ये ३० वर चालवली तर चालेल ना?

नका चालवू. तुम्ही टर्बो जागा होण्याच्या खाली आहात (प्रश्न ११), तिथे ब्रोशरमधला टॉर्क नाहीच. वर जोरात ॲक्सिलरेटर दाबला की डिझेलमध्ये क्रँक आणि ड्युअल मास फ्लायव्हीलवर मोठे झटके बसतात. थेट फवाऱ्याच्या टर्बो पेट्रोलमध्ये याच टप्प्यात, कमी आरपीएम आणि पूर्ण भार, मिश्रण स्पार्कच्या आधी पेटण्याचा धोका असतो आणि असा एखादा जोरदार फटका पिस्टन फोडू शकतो. गाडी थरथरली की गिअर खाली.

२३. रीमॅप करून ४०-५० एनएम वाढतात म्हणतात. करावं का?

वाढतात, खोटं नाही. प्रश्न १३ मध्ये ईसीयूने छाटलेला माथा रीमॅप परत उघडतो: टर्बोचा दाब आणि इंधन दोन्ही वाढवतो. आकडा छाटला होता तो क्लच, गिअरबॉक्स, एक्झॉस्टचं तापमान आणि बीएस-६ डिझेलमधला काजळी अडवणारा डीपीएफ यांच्यासाठी, आणि त्यांना कोणी मजबूत केलेलं नसतं. पहिला जातो तो क्लच. वॉरंटी चालू असेल तर माझं उत्तर नाही. संपली असेल आणि करायचंच असेल, तर आधी क्लच बदलायचा खर्च विचारून या. वाढ मागायची ती २,००० च्या वर. अगदी खालच्या आरपीएमला टॉर्क चढवून देतो म्हणणाऱ्या ट्यूनरकडून गाडी परत आणा, कारण प्रश्न २२ मधले सगळे धोके तो पैसे घेऊन वाढवून देतोय.